परमुलुखातला धंदा आणि हिशेबाची वही

एप्रिल २०२३ मधली गोष्ट. रविवारची सकाळ, साडेसातचा सुमार. आम्ही चहाचा कप हातात घेतला आणि फोन वाजला. पलीकडून आमच्या मित्राची लेक बोलत होती, थेट न्यूयॉर्कहून. तिकडे आदल्या रात्रीचे दहा वाजले होते.

"काका, जयभीम. झोपमोड तर नाही ना केली?"

"जयभीम, पोरी. नाही गं, बोल. सगळं बरं आहे ना?"

सगळे बरे नव्हते, हे तिच्या आवाजावरूनच कळले.

ही मुलगी चेंबूरच्या वस्तीत आमच्या डोळ्यांसमोर वाढली. वडील महापालिकेत कामगार. आई घरी बसून ब्लाउज, परकर, फॉल-पिको करायची. मुलगी बारावीपर्यंत शिकली आणि आईच्या मशीनवर तिचा हात बसला. लग्न करून ती नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला गेली. दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा रीतसर परवाना आहे. नवरा गोदामात कामाला. राहायला क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्समध्ये. तिथे भारतीय, बांगलादेशी, नेपाळी आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली माणसे एकाच रस्त्यावर नांदतात. साडी नेसणारी बाई आली की ब्लाउजाचे माप आलेच. २०२२ साली आमच्या लेकीने घरात शिवणयंत्र मांडले आणि वर्षभरात सुमारे २४,००० डॉलरची शिलाई केली.

पैसा आला तसा गेला. घरभाडे, किराणा, आणि इकडे वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाठवलेली रक्कम. एप्रिल उजाडला तेव्हा ती कराचे कागद भरून देणाऱ्या एका दुकानात गेली. तिथल्या माणसाने आकडेमोड करून सांगितले, "या धंद्यावर जवळजवळ ३,४०० डॉलर भरावे लागतील." तिचा चेहरा उतरलेला पाहून त्याने दुसरी वाट दाखवली, "रोखीचा धंदा आहे, कोण बघायला येतंय? दाखवूच नका. मला दोनशे डॉलर द्या, मी कागद भरून देतो. फक्त माझी सही त्यावर नसेल."

"काका, आमच्या दोघांचे मिळून बँकेत अकराशे डॉलर आहेत. काय करू? खोटं लिहू का?"

वाचकहो, बी.कॉम. झालो म्हणून अमेरिकेचा कर आम्हाला काय ठाऊक असणार! पण वीस वर्षे कारकुनी केली आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. जो माणूस स्वतः भरलेल्या कागदावर सही करायला तयार नाही, त्याच्याकडून कागद भरून घ्यायचा नाही. तेवढे आम्ही तिला सांगितले आणि म्हणालो, "तुमच्या भागात सार्वजनिक वाचनालय असेल. उद्या तिथं जा आणि मोफत मदत कुठं मिळते ते विचार."

ती गेली. त्यानंतर जे घडले आणि पुढे वर्षभर संध्याकाळच्या वर्गात ती जे शिकली, ते तिने आम्हाला वेळोवेळी फोनवर सांगितले. आम्ही ते वहीत उतरवून घेतले, जमेल तेवढे ताडून पाहिले आणि आज वाचकांपुढे ठेवत आहोत. आज आपल्या समाजातली मुले-मुली परदेशी जाऊन नोकरी करतात, काहीजण धंदाही मांडतात. त्यांच्या आईवडिलांना हे ठाऊक असलेले बरे.

कर कापला जातो, पण कोणाचा?

पहिला घोटाळा इथेच होतो. नोकरदाराच्या पगारातून कर आपोआप कापला जातो. नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर ती वजावट दिसते. म्हणून घरातल्या बाईला वाटते, कर भरून झाला. धंदेवाल्याचा कर मात्र कोणी कापत नाही, तो त्याने स्वतःहून भरायचा असतो.

दुसरा घोटाळा याहून मोठा. "माझी कमाई थोडी, मला आयकर लागणार नाही," असे लहान धंदेवाला समजतो. आयकर कदाचित लागणारही नाही. पण तिथे स्वतःचा धंदा करणाऱ्याला एक वेगळा कर असतो. आपल्याकडच्या फंडाचे उदाहरण घ्या. फंडात कामगाराचा हिस्सा कापला जातो आणि मालकही आपला हिस्सा घालतो. अमेरिकेत म्हातारपणच्या पेन्शनसाठी आणि म्हातारपणच्या दवाखान्यासाठी अशीच वर्गणी आहे. नोकरदाराच्या पगारातून ७.६५ टक्के कापतात, तेवढेच मालक भरतो. धंदेवाल्याला मालक नाही, मग दोन्ही हिस्से त्यानेच भरायचे. दोन्ही मिळून १५.३ टक्के. वर्षाचा नफा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाला की हा कर लागू होतो.

नव्याने आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? बोर्डावर लिहिलेले नसते. पहिल्या वर्षी जो दणका बसतो तो यामुळेच.

पण हा पैसा पाण्यात जात नाही, हेही त्या वर्गात सांगतात. साधारण दहा वर्षांच्या कमाईची नोंद झाली की म्हातारपणी पेन्शनचा हक्क मिळतो. कमाई लपवली तर त्या वर्षाची नोंदच होत नाही. शिवाय पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना कर थकला आहे का, हा प्रश्न विचारला जातो. दोनशे डॉलरमध्ये सुटका करून देणाऱ्या माणसाने यातले काहीही सांगितले नव्हते. आणि कागदावर खोटी शपथ घातली म्हणून जाब विचारला गेला असता, तर तो तिला विचारला गेला असता. त्याची तर सहीच नव्हती.

बिस्किटाच्या डब्यातले ८४८ डॉलर

वाचनालयातून तिला 'व्हिटा' नावाच्या योजनेचा पत्ता मिळाला. अमेरिकेच्या करखात्याच्या मदतीने चालणारी ही मोफत सेवा आहे. थोडे उत्पन्न असणाऱ्यांचे, अपंगांचे आणि इंग्रजी कमी येणाऱ्यांचे कागद प्रशिक्षित स्वयंसेवक भरून देतात. गुंतागुंतीचा धंदा ते घेत नाहीत, पण एकट्या बाईच्या शिलाईसारखा साधा धंदा घेतात.

तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "खर्चाचा हिशेब कुठे आहे?" लेकीने बिस्किटाचा एक डबा पुढे केला. त्यात दोरा, अस्तर, हूक, चेन, काजाच्या सुया यांची दुकानातली बिले होती. मशीन दुरुस्तीच्या पावत्या होत्या. गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला जाताना झालेला प्रवासखर्च आणि धंद्यापुरते फोनचे बिल. दोन संध्याकाळी बसून बेरीज केली, बँकेच्या उताऱ्याशी मेळ घातला. खर्च निघाला ६,००० डॉलर.

आता हिशेब पाहा. हा कर गल्ल्यावर नसतो, नफ्यावर असतो. नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर तो मोजतात. २४,००० डॉलर हाच नफा धरला तर कर होतो ३,३९१ डॉलर. खर्च वजा करून १८,००० नफा धरला तर कर होतो २,५४३ डॉलर. फरक ८४८ डॉलरचा. दुकानातल्या माणसाने खर्च विचारलाच नव्हता आणि हिला तो सांगायचा असतो हे माहीत नव्हते. एवढी रक्कम त्या बिस्किटाच्या डब्यात पडून होती.

उरलेली रक्कमही एकदम भरणे शक्य नव्हते. तेव्हा कळले की कागद वेळेवर दाखल करून करखात्याकडे हप्ते बांधून मागता येतात. व्याज आणि थोडा दंड लागतो, पण माणूस चोर ठरत नाही. पैसे नाहीत म्हणून कागदच दाखल न करणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक होय.

वर्गात काय शिकवतात?

अमेरिकेत लहान धंदेवाल्यांसाठी असे वर्ग बरेच आहेत. लघुउद्योगांचे सरकारी खाते १९५३ पासून आहे. त्याच्या मदतीने चालणारी 'स्कोअर' ही संस्था १९६४ साली निघाली. तीत निवृत्त आणि अनुभवी धंदेवाले नवख्यांना विनामूल्य सल्ला देतात. २०१२ साली या खात्याने बँक-ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर लहान धंद्यांसाठी खास अभ्यासक्रम काढला. त्याचे नाव 'मनी स्मार्ट'. हिशेब ठेवणे, कराची तयारी, बँक, पत असे त्याचे धडे आहेत. वाचनालये, वस्तीतल्या संस्था तो मोफत शिकवू शकतात. आमच्या लेकीचा वर्ग संध्याकाळी सातनंतर भरायचा. दिवसभर राबणाऱ्याला तीच वेळ सोयीची. ज्या बायकांना लहान मुले होती त्या मुलांना घेऊन यायच्या. बाजूला बसलेली मेक्सिकोची बाई मक्याचे पदार्थ विकणारी, पलीकडचा बांगलादेशी भाऊ मोबाईल दुरुस्त करणारा. भाषा वेगळ्या, पण अडचण सगळ्यांची एकच.

तिने लिहून घेतलेल्या गोष्टी आम्ही सोप्या करून देतो.

एक. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगवेगळा. बँकेत धंद्याचे खाते निराळे काढायचे. गिऱ्हाइकाचा पैसा आधी त्या खात्यात जाईल, मग तिथून ठरावीक रक्कम घरात येईल. एकाच पिशवीतून दोरा आणि दूध आणले की वर्षअखेरीस कोणाला काही सांगता येत नाही.

दोन. शंभर डॉलर आले की पंचवीस बाजूला. ते आपले नाहीत, कराचे आहेत. राज्याचा कर आणि आयकर धरून एवढे ठेवलेले बरे, असे वर्गात सांगतात.

तीन. वर्षाचा कर १,००० डॉलर किंवा अधिक होईल असे दिसत असेल तर तो चार हप्त्यांत आगाऊ भरायचा. तारखा साधारण १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. हप्ता चुकला तर दंड. लेकीने या चार तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहून मशीनसमोर टांगल्या.

चार. पावती जपायची. कागद दाखल केल्यापासून साधारण तीन वर्षे तरी कागदपत्रे ठेवावीत. कामाला माणूस ठेवला असेल तर त्याच्या कराचे कागद चार वर्षे.

पाच. घरातल्या जागेची वजावट. धंद्यासाठी राखून ठेवलेल्या जागेला चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फुटांपर्यंत, अशी सोपी वजावट मिळते. अट अशी, की ती जागा नेहमी आणि फक्त धंद्यासाठीच वापरात हवी. लेकीच्या घरी ज्या टेबलावर दिवसा मशीन, त्याच टेबलावर रात्री जेवण. म्हणून पहिल्या वर्षी वजावट मिळाली नाही. पुढे तिने खिडकीजवळचा ८ बाय १० फुटांचा कोपरा मशीनसाठी कायमचा राखला. तेवढ्यावर ४०० डॉलरची वजावट झाली.

सहा. धंद्याचा नंबर करखाते फुकट देते. संकेतस्थळावर अर्ज केला की मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या नादी लागू नये.

सात. पैसे घेऊन कागद भरणाऱ्याने त्यावर सही करून आपला सरकारी नंबर घातलाच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये. परतावा दुसऱ्याच्या खात्यात जाऊ देऊ नये.

नंबर म्हणजे परवाना नव्हे

इथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. ज्यांना तिथला सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी करखात्याने १९९६ पासून नऊ आकड्यांचा एक वेगळा कर-नंबर सुरू केला. तो ९ या आकड्याने सुरू होतो. त्यावर कर भरता येतो. पण तो काम करण्याचा परवाना नव्हे. विद्यार्थी म्हणून किंवा पाहुणा म्हणून गेलेल्याने धंदा मांडला आणि असा नंबर काढला, म्हणून तो धंदा कायदेशीर होत नाही. व्हिसा गमावण्याची वेळ येते. धंद्याआधी व्हिसाचे नियम वकिलाला विचारावेत.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या करखात्याने स्थलांतरितांची माहिती इमिग्रेशन खात्याला देण्याबाबत करार केला आणि तो वाद न्यायालयात गेला. त्यामुळे कागदपत्रे अपुरी असणाऱ्या लोकांमध्ये भीती पसरली. वर्षानुवर्षे इमानाने कर भरणारी माणसेही पाय मागे घेऊ लागली. ज्याची कागदपत्रे पक्की नाहीत त्याने फक्त कर भरून देणाऱ्याच्या भरवशावर न राहता आधी वकिलाला गाठावे. थोड्या उत्पन्नाच्या लोकांची करखात्यापुढे बाजू मांडणारी मदतकेंद्रे तिथे आहेत. इंग्रजी न येणाऱ्यांना त्यांचे हक्क समजावणे हेही त्या केंद्रांचे काम आहे.

भिशी, तांदा आणि सुसू

वर्गातली एक गंमत लेकीने सांगितली. भांडवलाचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "आमच्या आया भिशी लावतात." मेक्सिकोची बाई म्हणाली, "आमच्याकडे तिला तांदा म्हणतात." वेस्ट इंडीजची बाई म्हणाली, "आमच्याकडे सुसू." दहाजणींनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. जगभरच्या कष्टकऱ्यांनी हे एकमेकांना न विचारताच शोधून काढले आहे!

पण भिशीत एक उणे आहे. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवणाऱ्या बाईला बँक विचारते, "तुमची पत काय?" बाईकडे उत्तर नसते, कारण त्या इमानदारीची कुठे नोंदच नाही. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या 'मिशन ॲसेट फंड' या संस्थेने यावर उपाय काढला. भिशीसारखेच मंडळ, व्याज नाही, पण प्रत्येक हप्त्याची नोंद पत मोजणाऱ्या कंपन्यांकडे पाठवायची. म्हणजे भिशी फेडता फेडता माणसाची पत तयार होते. आमची लेक जिथे राहते त्या जॅक्सन हाइट्समध्येच २००८ साली 'ग्रामीण अमेरिका' या संस्थेने काम सुरू केले. बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेचा हा धडा. पाच-पाच बायकांचा गट, आधी शिकवण, मग छोटे कर्ज, दर आठवड्याला बैठक आणि फेडीची नोंद. गरीब देशातला धडा श्रीमंत देशाने गिरवला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच शहरात

लेक एकदा म्हणाली, "काका, इथं बाबासाहेब शिकले, ते कॉलेज बघून आले." आम्ही तिला विचारले, "बाबासाहेब तिथं काय शिकले, ठाऊक आहे का?" १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन हे करशास्त्रातले जगन्मान्य पंडित. सरकार कर कोणाकडून घेते, त्याचा भार शेवटी कोणावर पडतो आणि तो पैसा कुठे खर्च होतो, हाच तो विषय. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. ज्यांच्या पूर्वजांना वही-लेखणी शिवू दिली नाही, त्यांच्यातल्या एकाने साम्राज्याचा जमाखर्च तपासला. आपण निदान आपल्या दुकानाचा तपासावा, एवढीच आमची अपेक्षा.

वही घरोघरी

दुसऱ्या वर्षी लेकीने चारही हप्ते वेळेवर भरले. एप्रिल २०२४ मध्ये कोणताही दणका बसला नाही. गेल्या वर्षीची थकबाकीही फिटली. आता तिला छोटे दुकान भाड्याने घ्यायचे आहे. दुकानाच्या मालकाने दोन वर्षांचे कराचे कागद मागितले, तेव्हा तिने ते पुढे ठेवले. कमाई लपवली असती तर या बाईचा धंदा आहे हे सांगायला तिच्याकडे एक कपटाही नसता.

हे वाचून कोणी म्हणेल, अमेरिकेच्या कराशी आमचा काय संबंध? ज्यांचे कोणी तिकडे असेल त्यांनी हे कात्रण पाठवावे. दर आणि मर्यादा बदलतात, म्हणून त्या वर्षीचे नियम तिथे विचारून घ्यावेत. ज्यांचे कोणी नाही त्यांच्याही घरात भाजीची गाडी, पिठाची गिरणी, शिलाईची मशीन असेलच. आपल्याकडची उद्यम नोंदणीही फुकट आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे मोजू नका. आणि चाळीस पानी वही दुकानात अजूनही स्वस्तच मिळते. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले. रोज रात्री पाच मिनिटे.

परवा आम्ही मित्राच्या घरी गेलो होतो. वहिनी मशीनवर बसल्या होत्या. चाळीस वर्षे त्यांनी वस्तीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवले, पण वर्षाला किती कमावले हे त्यांना कधीच सांगता आले नाही. तेवढ्यात न्यूयॉर्कहून फोन आला. लेकीने वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग विचारले,

"आई, आजची शिलाई लिहिलीस का?"

वहिनींनी मशीनच्या खणातून वही काढली. "लिहिते गं बाई, लिहिते," म्हणत त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.